झिकिंगेनचा हिशेब : ट्रिअरचा वेढा आणि त्यामागची जहागीर

जर्मनीतल्या ट्रिअर शहरातले दोन प्रतिष्ठित नागरिक एका सरदाराच्या तावडीत सापडले. सुटकेसाठी त्यानं पाच हजार गुल्डेनच्या, म्हणजे त्या काळच्या सोन्याच्या नाण्यांच्या, आसपास खंडणी मागितली. एवढी रोकड दोघांजवळ नव्हती, तेव्हा फ्रांत्स फॉन झिकिंगेन हा दुसरा सरदार त्यांना जामीन राहिला. माणसं सुटून घरी गेली आणि घरी गेल्यावर त्यांनी पैसे द्यायला नकार दिला. धाकदपटशानं घेतलेलं वचन आमच्यावर बंधनकारक नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा धनी, ट्रिअरचा आर्चबिशप, म्हणजे मोठा धर्मगुरू आणि त्या मुलखाचा राजाही, रिशार्ड फॉन ग्रायफेनक्लाउ, त्यांच्या पाठीशी उभा राहिला. २७ ऑगस्ट १५२२ रोजी झिकिंगेननं आर्चबिशपला युद्धाचं पत्र धाडलं. ८ सप्टेंबरला त्याची फौज ट्रिअरच्या तटाखाली होती आणि १४ सप्टेंबरला ती माघारी वळली होती. पुढच्या मे महिन्यात झिकिंगेन आपल्याच किल्ल्यात जखमी होऊन मेला.

ही गोष्ट बहुधा दोन तऱ्हांनी सांगतात. एकीत झिकिंगेन हा मार्टिन लूथरनं रोमच्या चर्चविरुद्ध सुरू केलेल्या धर्मसुधारणेसाठी तलवार उपसलेला वीर असतो. दुसरीत तो तोफांच्या जमान्यात मागे पडलेला शेवटचा सरदार असतो. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. पण त्याच्या जमिनी कुठल्या, हुद्दे कुणी दिलेले आणि लढायांचा पैसा कुठून येई, हे शेजारी शेजारी मांडून पाहिलं की ट्रिअरचा वेढा वेगळाच दिसू लागतो. जमिनीच्या उत्पन्नाला कधीच न पेलणारी फौज हा माणूस सात-आठ वर्षं उभी करत होता. प्रत्येक लढाईचा खर्च त्या लढाईतूनच, किंवा पुढच्या लढाईतून, निघायला हवा होता. १५२१ मध्ये बादशहाकडे, म्हणजे जर्मनी ज्यात होता त्या पवित्र रोमन साम्राज्याच्या प्रमुखाकडे, त्याचा पैसा अडकला आणि तिथून हे गणित कोसळायला लागलं.

तेव्हा आधी जहागीर पाहू. झिकिंगेन घराण्याचं नाव क्राइशगाउ भागातल्या एका गावावरून पडलं. फ्रांत्सचा जन्म मात्र २ मार्च १४८१ रोजी नाहे नदीकाठच्या एबर्नबुर्ग किल्ल्यात झाला. हा किल्ला घराण्याकडे आला तो गहाणवट म्हणून आणि पुढे तो त्यांच्या मालकीचा झाला. त्या काळच्या जर्मनीत जहागिरी अशाच वाढत. राजाला किंवा काउंटला पैशाची नड लागे, तो किल्ला गहाण टाके आणि सोडवायला पैसे कधी जमत नसत. वडील श्वाइकहार्ड यांनी लग्नही विचार करून केलं होतं. आई मार्गारेटे पुलर फॉन होहेनबुर्ग घराण्याची वारसदार होती आणि तिच्याकडून अल्सासच्या सीमेवरचा होहेनबुर्ग किल्ला आला. लांडश्टूल गावावरच्या लाल वालुकाश्माच्या कड्यावरचा नान्श्टाइनही फ्रांत्सच्या हाती होता. शिवाय एबर्नबुर्गच्या आसपास खाणी होत्या आणि त्यांत त्यानं मन घालून पैसा गुंतवला होता.

नकाशावर पाहिलं तर हा मुलूख म्हणजे विखुरलेले ठिपके. इथे किल्ला, तिथे चार खेडी, पलीकडे एखाद्या जंगलात हिस्सा, आणि मधल्या जमिनी दुसऱ्याच्या. त्यात शेतकऱ्यांकडून येणारा सारा बराचसा पिढ्यांपूर्वी ठरलेल्या नाण्यांत येई, आणि बाजारातले भाव चढत होते. लहान सरदारांची ही सार्वत्रिक कुचंबणा होती. त्यांच्यातला झिकिंगेन सधन, पण पायाखालची जमीन त्याच कुळातली.

कागदोपत्री हे सरदार थेट बादशहाचे, मधे कुणी राजा नाही. प्रत्यक्षात शेजारच्या मोठ्या राजाच्या चाकरीवाचून कुणाचंच भागत नसे. झिकिंगेन घराण्याचा मोठा शेजारी म्हणजे फाल्ट्स या राज्याचा निर्वाचक, म्हणजे बादशहा निवडायचा हक्क असलेल्या सात जणांपैकी एक. फ्रांत्स क्रॉयट्स्नाख इथे त्याचा अमलदार होता. वसुली, न्यायनिवाडा, किल्ल्याची शिबंदी ही सगळी कामं अमलदाराकडे असत. या हुद्द्याचा एक विलक्षण पुरावा शिल्लक आहे. १५०७ मध्ये ट्रिथेमियस या विद्वान मठाधिपतीनं लिहिलेल्या पत्रात एका भोंदू जादूगाराबद्दल तक्रार आहे. फ्रांत्स फॉन झिकिंगेन या अमलदाराला गूढविद्येची फार आवड, म्हणून त्याच्या शिफारशीनं या माणसाला क्रॉयट्स्नाखच्या शाळेत मास्तरकी मिळाली, असं ट्रिथेमियस लिहितो. तो जादूगार म्हणजेच पुढे दंतकथा होऊन बसलेला फाउस्ट. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की पंचविशीतला झिकिंगेन गावातल्या नेमणुका ठरवत होता, आणि त्या दुसऱ्याच्या शिक्क्याखाली.

१५१५ मध्ये पत्नी हेडविग बाळंतपणात गेली. त्याच वर्षी झिकिंगेन पहिल्या मोठ्या युद्धात उतरला.

इथे 'फेडे' ही चाल समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं नुसती दरोडेखोरी वाटेल. फेडे म्हणजे न्याय मिळत नाही असं म्हणून एका माणसानं दुसऱ्याविरुद्ध रीतसर पुकारलेलं खासगी युद्ध. आधी पत्र धाडायचं, ठराविक मुदत द्यायची, मग प्रतिपक्षाची गावं, गुरं आणि माल यांवर हात टाकायचा. समोरासमोर मोठी लढाई क्वचितच होई. गाव जाळू नये म्हणून गावकरी खंडणी भरत, कुणीतरी मध्यस्थ येई, तह होई, रक्कम ठरे. १४९५ मध्ये व्होर्म्सच्या साम्राज्यसभेनं हा प्रकार कायमचा बंद असल्याचं जाहीर केलं आणि तंटे सोडवायला साम्राज्याचं न्यायालय उभं केलं. न्यायालय मंद, त्याच्या निकालाची अंमलबजावणी त्याहून मंद. म्हणून फेडे चालू राहिली. झिकिंगेनचं वैशिष्ट्य असं की तो बहुतेक वेळा दुसऱ्याचा दावा आपल्या अंगावर घेई. ज्याला न्याय मिळत नाही त्यानं आपला हक्क झिकिंगेनच्या नावे करून द्यायचा आणि झिकिंगेननं फौज घेऊन तो वसूल करायचा. आजच्या भाषेत बुडीत कर्ज विकत घेऊन वसूल करण्यासारखा हा प्रकार होता, फक्त वसुलीला तोफा होत्या.

व्होर्म्स शहराचं प्रकरण याच जातीचं. शहरातल्या उठावानंतर हाकलून दिलेल्या बाल्थासार श्लोर नावाच्या नोटरीचा दावा झिकिंगेननं घेतला. मार्च १५१५ मध्ये फ्रांकफुर्टच्या जत्रेला निघालेल्या व्होर्म्सच्या व्यापाऱ्यांची नाव त्यानं ऱ्हाइन नदीत पकडली आणि त्या उन्हाळ्यात शहरावर तोफाही डागल्या. बादशहा माक्सिमिलियननं त्याच्यावर 'आख्ट' जाहीर केली. आख्ट म्हणजे कायद्याचं छत्रच काढून घेणं, मग त्या माणसाला कुणीही मारावं, लुटावं. झिकिंगेनला त्यानं फरक पडला नाही. १५१८ मध्ये मेट्स शहराकडून त्यानं वीस हजारांवर गुल्डेन घेतले. त्याच सप्टेंबरात तो हेस्सवर चालून गेला. तिथला राजा फिलिप तेव्हा तेरा वर्षांचा होता. डार्मश्टाटला तह झाला आणि हेस्सच्या गळ्यात ३५,००० गुल्डेनचा बोजा पडला.

आता या ३५,००० ची किंमत पाहा. लांडस्क्नेख्ट, म्हणजे भाल्याचा जर्मन भाडोत्री शिपाई, महिना चार गुल्डेन पगार घेई. पहिल्या फळीतल्या अनुभवी शिपायाला दुप्पट, घोडेस्वाराला त्याहून जास्त. पाच हजार पायदळ उभं केलं तर नुसता साधा पगारच महिना वीस हजार. तोफांना दारू, ओढायला घोडे, माणसांना धान्य हे वेगळं. हेस्सची सगळी खंडणी अशा फौजेला दोन महिनेही पुरली नसती. सरदारकीच्या उत्पन्नातून इतका पैसा निघणं शक्यच नव्हतं. मोहीम लवकर आटोपली, समोरचा लवकर वाकला, तरच नफा.

आणि हे सगळे लवकर वाकले, हेच झिकिंगेनचं भाग्य. व्यापारी शहराला वेढ्यापेक्षा खंडणी स्वस्त पडे, कोवळ्या राजाच्या दरबाराला लढाईपेक्षा तह स्वस्त पडे.

माक्सिमिलियन मुरब्बी होता. ज्याला आवरता येत नाही त्याला त्यानं पदरी घेतलं, आख्ट उठवली आणि आपल्या चाकरीत ठेवलं. जानेवारी १५१९ मध्ये माक्सिमिलियन वारला आणि झिकिंगेनचं वजन आणखी वाढलं. त्या वसंतात श्वाबियन संघाच्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या शहरांच्या आणि राजांच्या युतीच्या, बाजूनं तो व्युर्टेम्बर्गच्या उलरिश ड्यूकवर चालून गेला. जूनमध्ये नव्या बादशहाची निवड फ्रांकफुर्टला होत असताना त्याची फौज जवळपास तळ देऊन होती. फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा हाही उमेदवार होता आणि पैसा त्यानंही ओतला होता. २८ जूनला निर्वाचकांनी हॅब्सबुर्गच्या कार्लला निवडलं. तंबूंतल्या त्या फौजेचा निर्वाचकांच्या मनावर किती ताण होता हे मोजता येत नाही, पण कार्लच्या माणसांनी त्याची किंमत ओळखली. झिकिंगेन बादशहाचा सल्लागार, खासा मानकरी आणि सेनानायक झाला.

हुद्दा मोठा, पण पैशाचा ओघ आता उलटा वाहू लागला. झिकिंगेननं बादशहाला २०,००० गुल्डेन कर्ज दिलं. १५२१ मध्ये नासाउचा काउंट हाइनरिश आणि झिकिंगेन बादशहाची फौज घेऊन फ्रान्सच्या सरहद्दीवर गेले आणि मेझियेरला वेढा घातला. आत बायार होता, फ्रान्सचा नावाजलेला सरदार. त्यानं शहर सोडलं नाही. वेढा फसला. या मोहिमेत झिकिंगेननं शिपाई स्वतःच्या उधारीवर उभे केले होते. बादशहाकडून पैसा आला नाही. १५२२ च्या उन्हाळ्यात कार्ल स्पेनला निघून गेला.

मला वाटतं, या प्रकरणातली निर्णायक जागा मेझियेर आहे, ट्रिअर नव्हे. तोवर झिकिंगेनचा धाक हाच त्याचा पैसा होता. तो येतोय म्हटल्यावर लोक तह करत. मेझियेरला तो आला आणि हात हलवत परत गेला. धाकही उणावला, तिजोरीही रिकामी झाली आणि देणेकरी निघाला खुद्द बादशहा, ज्याच्यावर फेडे पुकारता येत नाही.

दरम्यान एबर्नबुर्गवर एक वेगळीच वस्ती जमली होती. तिला आर्थिक हिशेबाची तळटीप समजणं माझ्याच्यानं होणार नाही. कवी आणि पत्रकं लिहिणारा शिलेदार उलरिश फॉन हुटेन तिथे राहायला आला. मार्टिन बुट्सर, योहानेस एकोलाम्पाडियस, कास्पार आक्विला हे धर्मोपदेशक तिथे आसऱ्याला आले. हुटेननं किल्ल्याला 'न्यायाची धर्मशाळा' म्हटलं. हिब्रू ग्रंथ जाळू नयेत म्हणून झगडणाऱ्या रॉइश्लिन या वृद्ध पंडिताच्या मागे कोलोनचे डोमिनिकन पंथाचे साधू हात धुऊन लागले होते, तेव्हा झिकिंगेननं त्यांना दम भरला. व्युर्टेम्बर्गच्या स्वारीत श्टुटगार्टमधल्या रॉइश्लिनच्या घराला धक्का लागू दिला नाही. एप्रिल १५२१ मध्ये मार्टिन लूथर व्होर्म्सच्या सभेला निघाला असताना बुट्सर वाटेत त्याला भेटला आणि एबर्नबुर्गला चला म्हणाला. लूथर गेला नाही, पण त्या जूनमध्ये कबुलीजबाबाच्या विधीवरची आपली पुस्तिका त्यानं झिकिंगेनला अर्पण केली. किल्ल्याच्या चॅपलमध्ये जर्मन भाषेत उपासना होऊ लागली. संध्याकाळी हुटेन लूथरचं लेखन वाचून दाखवत असे आणि लॅटिनचा फारसा सराव नसलेला हा चाळिशीचा योद्धा ते ऐकत असे. ही निष्ठा खोटी होती असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. माणूस श्रद्धेनं आणि पैशाच्या तंगीनं एकाच दिशेला ढकलला जाऊ शकतो.

ती दिशा आता ट्रिअरची होती. १३ ऑगस्ट १५२२ रोजी ऱ्हाइनकडचे सरदार लांडाउला जमले, सहा वर्षांसाठी त्यांनी बंधुत्वाचा करार केला आणि झिकिंगेनला म्होरक्या निवडलं. करारात परस्परांचे तंटे आपसांत सोडवायचे, राजांच्या न्यायालयांत खेटे घालायचे नाहीत, असा भर होता. दोनच आठवड्यांनी युद्धाचं पत्र गेलं. ट्रिअर हे सावज म्हणून त्यानं का निवडलं, याची कारणं एकावर एक रचलेली दिसतात. ती बुडालेली जामिनकी होतीच. शिवाय ग्रायफेनक्लाउनं १५१९ च्या निवडणुकीत फ्रान्सची तळी उचलली होती, तेव्हा त्याला धडा शिकवणं म्हणजे बादशहाचीच सेवा, असं म्हणता येई. शिपायांची भरतीही बादशहाच्या नावाचा आडोसा घेऊन झाली. तो धर्मगुरू-राजा, म्हणजे त्याला पाडणं हे सुधारणेचंही काम. आणि आर्चबिशपचा मुलूख हाती लागला असता तर विखुरलेल्या ठिपक्यांच्या जागी सलग राज्य उभं राहिलं असतं.

फक्त एक गोष्ट त्यानं चुकीची धरली. ग्रायफेनक्लाउ वाकणारा नव्हता.

सुरुवात झपाट्यानं झाली. ब्लीसकास्टेल पडलं, सांक्ट वेंडेल पडलं. पण तोवर आर्चबिशप स्वतः ट्रिअरमध्ये पोचला होता. तो स्वतःही सरदार घराण्यातलाच होता, त्याला युद्ध कळत होतं. तटाबाहेरच्या सांक्ट माक्सिमिन या प्राचीन मठात शत्रूच्या हाती लागेल असा साठा होता, म्हणून तो मठच त्यानं पेटवून दिला. धर्मगुरूनं आपल्या धर्माचा एवढा जुना मठ जाळणं सोपं नसणार. झिकिंगेननं बाणांना चिठ्ठ्या बांधून शहरात सोडल्या. तुमच्याशी माझं वैर नाही, बिशप आणि पाद्र्यांशी आहे, असं नागरिकांना सांगायचं होतं. नागरिक फुटले नाहीत. खरं तर त्यांचंही आर्चबिशपशी जुनं वाकडं होतं, पण दारात उभा असलेला भाडोत्री शिपाई कुणालाच मुक्तिदाता वाटत नाही. ब्राउन्श्वाइगकडून निघालेली कुमक हेस्सच्या हद्दीत अडकली. ती अडवणारा फिलिप आता सतरा वर्षांचा होता आणि ३५,००० गुल्डेन विसरला नव्हता. सातव्या दिवशी वेढ्यातली तोफेची दारू संपली. पगाराला पैसा नव्हता, दारू विकत घ्यायला पैसा नव्हता. फौज परतीच्या वाटेवर मठ आणि चर्च लुटत गेली. उधारीवर आणलेल्या शिपायाची वसुली अशीच होते.

यानंतरचे आठ महिने भराभर सांगण्यासारखे आहेत. न्युर्नबेर्गहून साम्राज्याच्या राजमंडळानं १० ऑक्टोबरला आख्ट पुकारली. ट्रिअर, हेस्स आणि फाल्ट्स हे तीन राजे एकत्र आले. यातलं फाल्ट्सचं नाव सगळ्यांत बोचणारं आहे, कारण निर्वाचक लुडविग हा झिकिंगेन घराण्याचा पिढीजात धनी. तिघांनी लगेच झिकिंगेनच्या किल्ल्यांना हात लावला नाही. आधी त्याचे सोबती छाटले. क्रोनबेर्ग पडलं, हार्टमुट फॉन क्रोनबेर्ग परागंदा झाला. झिकिंगेनच्या लोकांना ऱ्हाइन ओलांडू दिल्याबद्दल माइंत्सच्या आर्चबिशपकडून २५,००० गुल्डेन दंड घेतला. लांडाउला शपथ घेतलेले भाऊबंद हिवाळाभर आपापल्या गढ्यांत बसून राहिले. त्यांना दोष देता येत नाही. करार आपसांतले तंटे मिटवायचा होता, तीन राजांशी लढायचा नव्हता.

एप्रिल १५२३ च्या अखेरीस तिन्ही फौजा नान्श्टाइनखाली आल्या. झिकिंगेननं हा किल्ला अलीकडेच नव्यानं बांधून घेतला होता. तोफांचा मारा झेलायला जाड भिंतींचा गोल बुरूज उभा केला होता. तोफा त्याला ठाऊक होत्या, त्यानं स्वतः त्या वापरल्या होत्या, स्वतःसाठी ओतून घेतल्या होत्या. तेव्हा त्याला 'तोफा न समजलेला जुना सरदार' म्हणणं अन्याय आहे. मात्र नवं बांधकाम अजून पुरतं सुकलं नव्हतं, चुना धरला नव्हता. काही महिने किल्ला टिकेल, तोवर कुणीतरी येईल, हा त्याचा अंदाज होता. बुरूज काही दिवसांतच ढासळला. मेच्या सुरुवातीला भगदाड पाहायला तो पुढे गेला असताना एक गोळा लाकडी आधारावर आदळला आणि उडालेल्या तुळयांनी त्याची कूस फाडली.

७ मे रोजी किल्ला राजांच्या हाती होता. कड्यात खोदलेल्या तळघरात झिकिंगेन पडून होता आणि विजेते एकेक करून त्याच्याजवळ आले. समकालीन वृत्तांतात हा प्रसंग तपशिलानं आला आहे. आपल्या जुन्या धन्याला, लुडविगला, पाहून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. माझ्या मुलखावर आणि माझ्या गरीब रयतेवर का चालून आलास, असं ग्रायफेनक्लाउनं विचारलं. त्यावर बोलायचं तर पुष्कळ आहे, कारणावाचून काही नव्हतं, असं उत्तर आलं. मी अजाण असताना माझ्यावर का आलास, असं फिलिपनं विचारलं. आता आपल्याला याहून मोठ्या धन्याला जाब द्यायचा आहे, असं झिकिंगेन म्हणाला. थोड्या वेळानं तो गेला आणि तिघा राजांनी गुडघे टेकून प्रार्थना म्हटली.

६ जूनला एबर्नबुर्ग पडला, लुटला गेला, जाळला गेला. तोफा राजांनी वाटून घेतल्या. त्याच उन्हाळ्यात श्वाबियन संघानं फ्रांकोनियातल्या सरदारांचे २३ किल्ले उडवले. हुटेन आधीच स्वित्झर्लंडकडे निघून गेला होता. झ्युरिश सरोवरातल्या उफेनाउ बेटावर ऑगस्टच्या अखेरीस तो वारला, पस्तिशीत. आणि नान्श्टाइनवर तोफा डागणाऱ्या हेस्सच्या फिलिपनं पुढच्या काही वर्षांत लूथरचा पंथ स्वीकारला. झिकिंगेनला जे तलवारीनं करायचं होतं, ते आपल्या राज्यात त्यानं फर्मानं काढून केलं. मठांची मालमत्ता ताब्यात घेऊन १५२७ मध्ये त्यानं मारबुर्गला विद्यापीठ काढलं.

झिकिंगेनच्या मुलांनी पुढची एकोणीस वर्षं फौज उभी केली नाही. अर्ज, मध्यस्थी, वाटाघाटी यांतच ती गेली. १५४२ मध्ये एबर्नबुर्ग त्यांना परत मिळाला. जळक्या भिंतींवर त्यांनी तो पुन्हा बांधायला घेतला.